बालकांचा रक्तकर्करोग : जनुकांचे भाकीत आणि रायपूरचे अंतर

रायपूर : येथील डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयाला छत्तीसगडमध्ये त्या नावाने ओळखणारे कमीच. मेडिकल कॉलेज हॉस्पिटल, रायपूर यातील आद्याक्षरे जुळवून लोकांनी त्याचे ‘मेकाहारा’ असे नामकरण केले आणि बस्तरपासून सरगुजापर्यंत तेच रूढ झाले. याच आवारात राज्याचे प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. रक्ताचा कर्करोग झालेले मूल येथे, टाटीबंध भागातील एम्समध्ये किंवा शहरातील एखाद्या खासगी रुग्णालयात पोहोचते, तेव्हा आईवडिलांपुढे एकच प्रश्न असतो : मूल वाचेल का? डॉक्टरांपुढचा प्रश्न थोडा निराळा असतो : या मुलाला किती तीव्र उपचार द्यावेत? दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग मुलाच्या अस्थिमज्जेतील कर्कपेशींमध्ये कोणती जनुके किती प्रमाणात कार्यरत आहेत यात दडलेला असतो, असे गेल्या २५ वर्षांतील संशोधन सांगते. ते उत्तर वाचण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. छत्तीसगडसारख्या राज्यात त्याचा उपयोग कोणाला, कधी आणि कोणाच्या खर्चाने होणार, हा मात्र विज्ञानाइतकाच व्यवस्थेचा विषय आहे.

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे एक-तृतीयांश रक्ताचे असतात आणि त्यांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे ‘एएलएल’, सर्वाधिक आढळतो. साठ वर्षांपूर्वी हे निदान बहुतेक घरांत मृत्यूची वार्ता घेऊन येत असे. आज संपन्न देशांत दहापैकी नऊहून अधिक मुले बरी होतात. विशेष म्हणजे या यशातला मोठा वाटा नव्या औषधांचा नाही. व्हिन्क्रिस्टीन, स्टेरॉइड, अ‍ॅस्परॅजिनेज, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन ही औषधे अनेक दशकांपासून वापरात आहेत. ती कोणाला, किती आणि किती काळ द्यायची हे वैद्यकशास्त्र हळूहळू शिकत गेले. उपचार कमी पडले तर रोग उलटतो. गरजेपेक्षा जास्त झाले तर जंतुसंसर्गाने मूल दगावू शकते किंवा बरे होऊनही हृदयाची, हाडांची हानी आयुष्यभर सोबत राहते. त्यामुळे रोगाच्या पुढील वाटचालीचे भाकीत येथे औषधाची मात्रा ठरवण्याचे साधन ठरते.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन मुलांच्या कर्कपेशी अगदी सारख्या दिसू शकतात आणि तरीही एक मूल शाळेत परतते, दुसऱ्याचा रोग वर्षभरात उलटतो. हा भेद ओळखण्यासाठी डॉक्टर प्रथम साध्या खुणांवर विसंबले : मुलाचे वय, निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशींची संख्या ५० हजारांच्या वर आहे की खाली, स्टेरॉइडला मिळालेला पहिला प्रतिसाद. पुढे गुणसूत्रांची तपासणी आली. १२ आणि २१ क्रमांकांच्या गुणसूत्रांत देवाणघेवाण झाली असेल तर भवितव्य चांगले. ९ आणि २२ क्रमांकांत झाली असेल, म्हणजेच ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ असेल, तर बिकट. तरीही अनेक मुलांच्या गुणसूत्रांत ठळक असे काहीच सापडत नसे, आणि नेमक्या त्या मुलांविषयी डॉक्टर अंधारात राहत.

जनुक अभिव्यक्तीची तपासणी याच अंधारात उपयोगी पडली. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच सारखाच असतो. पण वाड्यातल्या सगळ्या खोल्यांत एकाच वेळी दिवे लागत नाहीत, तशी सर्व जनुके सर्व पेशींत कार्यरत नसतात. जे जनुक कार्यरत असते त्याची आरएनए या रेणूच्या रूपात प्रत तयार होते. या प्रती मोजल्या की पेशीत काय चालले आहे याचा अंदाज येतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील टॉड गोलुब आणि सहकाऱ्यांनी ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेतील हजारो जनुकांच्या प्रती एकाच वेळी मोजून दाखवले, की ल्युकेमियाचे दोन मुख्य प्रकार पेशीचे रूप न पाहता केवळ या नोंदीवरून वेगळे करता येतात. २००२ मध्ये मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातील संशोधकांनी एएलएल झालेल्या ३६० मुलांच्या नमुन्यांवर हेच तंत्र वापरले आणि रोगाचे उपप्रकार जनुकांच्या ठशावरून ओळखले.

या संशोधनातील सर्वांत महत्त्वाचा शोध २००९ चा आहे. नेदरलँड्स आणि अमेरिका येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे काम करताना मुलांचा असा एक समूह ओळखला, ज्यांच्यात फिलाडेल्फिया गुणसूत्र नव्हते. पण कर्कपेशींतील जनुकांचा कारभार मात्र ते गुणसूत्र असल्यासारखाच चालत होता. त्यांचा रोग उलटण्याचे प्रमाणही तसेच जास्त होते. ‘फिलाडेल्फियासदृश’ एएलएल असे त्याला नाव मिळाले आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला तात्पुरते का होईना, स्थान मिळाले. रोगाची व्याख्याच जनुकांच्या अभिव्यक्तीवरून करण्याची ही दुर्मीळ उदाहरणांपैकी एक घटना. २०१४ मध्ये १,७२५ रुग्णांच्या अभ्यासातून या प्रकाराचे प्रमाण मुलांत सुमारे दहा टक्के आणि तरुणांत चौथ्या हिश्शाहून अधिक असल्याचे पुढे आले. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. या रुग्णांपैकी काहींच्या पेशी एबीएल गटातील जनुकांच्या विकृत जोडणीवर चालतात, आणि तेथे इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब ही गोळ्यांच्या रूपातील औषधे उपयोगी पडण्याची शक्यता आहे. खऱ्या फिलाडेल्फिया गुणसूत्राच्या मुलांत इमॅटिनिबने रोगमुक्त राहण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढल्याचे २००९ मध्येच दिसून आले होते.

भारतीय वाचकाने येथे थोडे थांबावे, कारण इमॅटिनिबची कथा भारताचीही आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिव्हेक’ या ब्रँडला पेटंट नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ एप्रिल २०१३ रोजी आला. त्या काळी मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर सांगितला जात असे, तर भारतीय कंपन्यांचे औषध आठ-दहा हजारांत मिळत होते. पुढे ते आणखी स्वस्त झाले. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली आहे. या छोट्या गटातील मुलांसाठी औषध भारतात बनते आणि आवाक्यात आहे. महाग आणि दूर आहे ती, त्या औषधाची गरज नेमकी कोणाला आहे हे सांगणारी तपासणी. कर्करोगाच्या बहुतेक चर्चांत औषधाच्या किमतीचा मुद्दा अग्रभागी असतो. येथे तो उलटा उभा आहे आणि धोरणकर्त्यांचे लक्ष अजून त्याकडे पुरेसे गेलेले नाही.

तथापि भाकिताच्या खुणांना एक मर्यादा असते आणि ती आकडेवारीच्या तक्त्यात सहसा दिसत नाही. कोणतीही खूण ज्या उपचारपद्धतीत तपासली गेली, त्या पद्धतीपुरतीच खरी असते. पद्धत बदलली की चांगली खूण निरर्थक आणि वाईट खूण निरुपद्रवी होऊ शकते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने ‘एमसीपी-८४१’ ही उपचारपद्धती राबवली. तोपर्यंत पाचपैकी जेमतेम एक मूल बरे होत होते; या पद्धतीने ते प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले. मुलांची जनुके तीच होती, बदलले होते ते औषधांचे वेळापत्रक. त्यापूर्वीच्या काळात एखाद्या मुलाच्या पेशींतील ‘चांगला’ ठसा वाचता आला असता, तरी त्या ज्ञानाने त्या मुलाचे फारसे भले झाले नसते.

याच सत्याची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. जनुकांची खूण रोग उलटण्याचा धोका सांगते. परंतु भारतातील अनेक मुले रोग उलटण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत. काहींचे निदान उशिरा होते, काही पहिल्या महिन्यातील तीव्र उपचारांत जंतुसंसर्गाने दगावतात, तर काहींचे पालक उपचार अर्ध्यावर सोडून गावी परततात. एएलएलचा पूर्ण उपचार अडीच ते तीन वर्षे चालतो. त्यातली शेवटची दोन वर्षे मूल बाहेरून धडधाकट दिसते आणि रोज गोळ्या घेते. शेतावर राबणाऱ्या कुटुंबाला, धान कापणीच्या दिवसांत, धडधाकट मुलाला घेऊन तीनशे किलोमीटर प्रवास करण्याचे कारण पटवणे सोपे नसते. जगदलपूर ते रायपूर हे अंतर साधारण तेवढेच आहे, आणि बस्तर विभागातील अनेक गावे जगदलपूरपासूनही दूर, जंगलात आहेत. रायपूरहून मुंबई रेल्वेने अकराशे किलोमीटरहून अधिक.

निदानातील विलंबालाही या प्रदेशात स्वतःची कारणे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडच्या लोकसंख्येत सुमारे ३१ टक्के आदिवासी आहेत. येथे सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि बस्तर हा मलेरियाचा जुना पट्टा. ताप, फिकटपणा, हाडे दुखणे, प्लीहा वाढणे ही ल्युकेमियाची पहिली लक्षणे या दोन्ही आजारांशी मिळतीजुळती असतात. तापाच्या मुलाला प्रथम मलेरियाचे औषध मिळणे यात कोणाची चूक म्हणता येत नाही; बहुतेक वेळा ते योग्यच ठरते. प्रश्न उरतो तो ज्या एखाद्या मुलाचा ताप उतरत नाही, त्याच्या रक्ताची काचपट्टी जाणत्या नजरेखाली किती आठवड्यांनी जाते, याचा.

असे असले तरी रायपूरला या शास्त्रात केवळ नमुने पाठवणारे शहर समजणे चुकीचे ठरेल. येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात आरोग्य संशोधन विभागाच्या योजनेतून उभी राहिलेली बहुविद्याशाखीय संशोधन प्रयोगशाळा आहे. कोविडच्या साथीत तेथील वैज्ञानिक डॉ. जगन्नाथ पाल आणि सहकाऱ्यांनी, रुग्णाची प्रकृती पुढे गंभीर होईल का याचा आजाराच्या सुरुवातीलाच अंदाज देणारी, पीसीआर यंत्रावर चालणारी जैवचिन्हक चाचणी विकसित केली. विषय वेगळा, पण कल्पना तीच : मोजक्या खुणा मोजून पुढील वाटचालीचे भाकीत करायचे आणि खाटा, प्राणवायू, औषधे यांचे वाटप त्यानुसार ठरवायचे. साथीने आणखी एक वारसा मागे ठेवला. ज्या पीसीआर यंत्रांची नावेही पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी ऐकली जात नव्हती ती आज अनेक शासकीय प्रयोगशाळांत आहेत, आणि ती चालवणारे हातही तयार झाले आहेत.

हे महत्त्वाचे अशासाठी, की बालरक्तकर्करोगातील जनुक अभिव्यक्ती वाचण्यासाठी प्रत्येक वेळी संपूर्ण आरएनएचे अनुक्रमण करावे लागत नाही. फिलाडेल्फियासदृश प्रकारातील मोठ्या गटात ‘सीआरएलएफ२’ हे जनुक प्रमाणाबाहेर कार्यरत असते. त्याचे प्रथिन कर्कपेशीच्या पृष्ठभागावर येते आणि निदानासाठी एरवीही केल्या जाणाऱ्या फ्लो सायटोमेट्री तपासणीत एका जादा प्रतिपिंडाने ते दिसू शकते. मोजक्या जनुकांची अभिव्यक्ती पीसीआरवर मोजून संशयित मुले वेगळी काढणे आणि फक्त त्यांचेच नमुने सखोल अनुक्रमणासाठी मोठ्या केंद्राकडे पाठवणे, हा मार्ग जगातील अनेक ठिकाणी अवलंबला गेला आहे. मर्यादित पैशांत तोच शहाणपणाचा दिसतो.

अर्थात त्यातही अडचणी आहेत आणि त्यातील एक अगदी सामान्य, हवामानाची आहे. आरएनए हा अत्यंत नाजूक रेणू; डीएनए टिकतो तसा तो टिकत नाही. अस्थिमज्जेचा नमुना काढल्यावर लवकर प्रक्रिया झाली नाही किंवा स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात तो ठेवला नाही, तर प्रतींची मोजणीच खोटी ठरते. रायपूरचा मे महिन्यातील पारा पंचेचाळिशीकडे झुकतो. अशा उन्हात कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेली नळी मुंबईला पोहोचेल. तिच्यातील उत्तर पोहोचेलच असे नाही. म्हणून आरएनए वेगळा काढण्याची पहिली पायरी रायपूरमध्येच होणे गरजेचे आहे.

यासाठी मुंबई आणि परिसरातील अनुभव उपलब्ध आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत उपचारांनंतर दहा हजार पेशींत उरलेली एक कर्कपेशीही शोधणारी अवशिष्ट रोगाची तपासणी नेहमीच्या वापरात आहे, आणि भाकिताची सर्वांत भरवशाची एकच खूण निवडायची झाली तर आजही बहुतेक तज्ज्ञ हिचीच निवड करतील. अणुऊर्जा विभागाच्या पाठबळाने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामुळे छोट्या केंद्रांना मोठ्या केंद्रांच्या तज्ज्ञांशी जोडण्याची व्यवस्थाही झाली आहे. भारतीय केंद्रांनी एकत्र येऊन ‘आयसीआयसीएलई-एएलएल-१४’ ही बहुकेंद्रीय चाचणी सुरू केली, हे तर अधिकच मोलाचे. मुलांची जोखीम ठरवण्याची एकसमान रीत तिने दिली आणि काही मुलांत प्रारंभीच्या स्टेरॉइडचा काळ कमी करता येईल का, असा आपल्या परिस्थितीतून आलेला प्रश्न विचारला.

भारतीय मुलांवरील अभ्यासाची गरज भावनिक नाही. जनुकांचे संदर्भ-ठसे प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील मुलांवरून तयार झाले आहेत. भारतात टी-पेशींच्या एएलएलचे प्रमाण तेथील तुलनेत अधिक आढळते आणि १२-२१ च्या अनुकूल देवाणघेवाणीचे प्रमाण कमी. मर्कॅप्टोप्युरीन पचवण्याशी संबंधित ‘एनयूडीटी१५’ या जनुकाचा एक भेद युरोपीय वंशाच्या लोकांत विरळ, तर आशियाई लोकांत बराच आढळतो. असा भेद असलेल्या मुलाला पाश्चात्त्य मात्रा दिल्यास त्याच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. औषधांच्या दर्जाचा प्रश्नही याच पंक्तीतला आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या काही अ‍ॅस्परॅजिनेज उत्पादनांचा दर्जा असमाधानकारक असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. जनुकांची खूण उत्तम, पण कुपीतील औषध निकामी, अशा मुलाचे भवितव्य कोणत्या तक्त्यात बसवायचे?

पैशांचा हिशेब पाहिला तर चित्र संमिश्र आहे. आयुष्मान भारत आणि राज्याच्या शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. गंभीर आजारांसाठी मुख्यमंत्री विशेष स्वास्थ्य सहायता योजनेची तरतूद त्याहून मोठी आहे. केमोथेरपीचा खर्च त्यातून निघू शकतो. मात्र या विम्याची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती आहे. बाह्यरुग्ण म्हणून होणाऱ्या तपासण्या तिच्यात सहसा बसत नाहीत. उपचाराला पैसे आहेत, पण कोणता उपचार द्यावा हे ठरवणाऱ्या तपासणीला नाहीत, ही विसंगती जनुकीय चाचण्यांच्या बाबतीत अधिकच ठळक होते. डिसेंबर २०२४ मध्ये १,४४० मुलांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले : नेहमीच्या केमोथेरपीला ब्लिनाट्युमोमॅबची जोड दिल्यास तीन वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेले. भारतात या औषधाचा खर्च लाखांच्या घरात आहे. ते सर्वांना देणे शक्य नाही हे उघड आहे. मग ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांना शोधण्याची चाचणी ही चैन न राहता काटकसरीचे साधन बनते.

उपचार अर्ध्यावर सोडण्याच्या बाबतीत तर जनुकशास्त्राला काही सांगण्यासारखे नाही, परंतु टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाला आहे. तेथे २००९ च्या सुमारास पाचातले एक मूल उपचार सोडून जात असे. डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने निवास, आहार, रक्त, समुपदेशन आणि आर्थिक मदत यांची एकत्र व्यवस्था उभी राहिली. २००६ पासून मुंबईत काम करणाऱ्या सेंट ज्यूड इंडियासारख्या संस्थांनी कुटुंबांना राहायला जागा दिली. आणि हे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या आसपास आले. भाकीत इतक्या मोठ्या फरकाने बदलणारी जनुकीय चाचणी अजून सापडलेली नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे आणि त्यांपैकी २०० केंद्रे त्याच वर्षी उभारण्याची घोषणा झाली. ही केंद्रे बस्तर आणि सरगुजात खरोखर चालली, तर देखभालीच्या दोन वर्षांतील महिन्याचे इंजेक्शन आणि रक्ततपासणी गावाजवळ होईल, आणि रायपूरची फेरी फक्त महत्त्वाच्या टप्प्यांवर करावी लागेल. जनुकांच्या चाचणीचा नमुना पहिल्याच दिवशी, पहिल्या औषधाआधी घ्यावा लागतो. तो निसटला की पुन्हा मिळत नाही. त्यामुळे तो रायपूरलाच घेतला जाणे व्यवहार्य.

दरम्यान, आणखी एक जुनी खूण आहे. स्टेरॉइड सुरू केल्यानंतर आठव्या दिवशी बोटाएवढ्या नळीत रक्त घ्यायचे, काचपट्टीवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी मोजायच्या. एका मायक्रोलिटरमध्ये त्या हजारापेक्षा कमी असतील तर प्रतिसाद चांगला. जर्मन डॉक्टरांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली ही तपासणी आजही भारतीय उपचारपद्धतीत वापरली जाते. तिला महागडे यंत्र लागत नाही, वीज गेली तरी फारसे बिघडत नाही. लागतो तो पेशी ओळखणारा एक माणूस, आणि आठव्या दिवशी अजून रुग्णालयात असलेले मूल.